माळढोकाची पट्टी

अंबाजोगाई,
२१ नोव्हेंबर १९८६

चि. शहादेव यास जयभीम.

पाकिटावरचे अक्षर ओळखून तू हे पत्र चुलीत घालण्याचा विचार करशील. तसे करावयाचे असल्यास निदान पुढचा परिच्छेद वाचून कर. या परिच्छेदात महत्त्वाचे काही नाही.

आपल्या बोरमाळचे गायरान आणि भोवतालचा सगळा माळ माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य करण्याचे शासनाने ठरविले आहे. तशी उद्घोषणा १४ नोव्हेंबरला चावडीच्या दारावर लागली. त्या जमिनीत ज्याचा काही हक्क असेल त्याने दोन महिन्यांच्या आत लेखी दावा दाखल करावयाचा आहे. गायरानात आपल्या मिलिंद सामुदायिक शेती सहकारी संस्थेच्या पट्ट्या आहेत. बावीस कुटुंबे त्यांवर जगतात. तू त्या संस्थेचा चेअरमन आहेस. मी हे पत्र भावाला लिहीत नसून चेअरमनला लिहीत आहे, म्हणजे उत्तर देण्यात तुला कमीपणा वाटण्याचे कारण उरणार नाही.

उद्घोषणेत मी पुष्कळ शोधूनही दोष सापडला नाही. ती मराठीत आहे, ठळक आहे, मुदत स्पष्ट आहे, दवंडीही दिली गेली. अडचण एवढीच की दसरा झाल्यावर सगळे गाव उसाच्या फडावर गेले आहे. गावात राहिली आहेत ती म्हातारी माणसे आणि शेळ्या. कायद्याचे दोन महिने बाराही महिन्यांत सारखेच असतात, बोरमाळचे नसतात. मी मंगळवारी एस.टी.ने जाऊन आलो. बायडाबाई चावडीच्या ओट्यावर टँकरची वाट पाहत बसल्या होत्या. मी विचारले, दवंडी ऐकलीत का? त्या म्हणाल्या, "आयकली की. म्या म्हनलं त्याला, बाबा, आनखी जरा जोरात वरड. आमची मान्सं किस्नंच्या काठाला हायेत."

मला हसू आले नाही. हे त्यांनाही सांगितले. त्यावर त्या म्हणाल्या, "तुला कवा आलतं?"

असो. करावयाचे ते असे. संस्था ही कायद्याने एक व्यक्ती आहे. तिने एकच दावा केला तरी सर्व बावीस पट्ट्यांसाठी पुरे. त्यासाठी विशेष सर्वसाधारण सभेचा ठराव हवा. सभा गावातच झाली पाहिजे असे पोटनियमांत कोठेही नाही, मी तपासले आहे. तुमचे सभासद तेथे फडावर आहेत आणि तू त्यांचा मुकादम आहेस, तेव्हा त्यांना एका जागी बसविणे तुला अवघड नाही. ठरावाचा मसुदा सोबत जोडला आहे. त्यात दोनच विधाने आहेत. पहिले, संस्था ही जमीन १९६४ पासून कसते. दुसरे, माळढोक त्या माळावर येतो आणि त्याच्या रक्षणाला संस्थेची हरकत नाही. मसुद्यातील एकही शब्द बदलू नये.

आपण अकरा वर्षे बोललेलो नाही, ही गोष्ट या कामाच्या आड येण्याचे कारण नाही. ती वेगळ्या फाईलमध्ये आहे.

आश्रुबा सरवदे, वकील


अंबाजोगाई,
८ डिसेंबर १९८६

चि. शहादेव यास,

तुझे कार्ड मिळाले. तू काय लिहिले आहेस हे तुला आठवत असेलच, तरी मुद्द्यांना उत्तर देताना मूळ मजकूर समोर असावा म्हणून मी तो उतरवून घेतो.

"वकील सायेब, तुमचा कागद भेटला. ज्या पाखरापायी म्या सहा महिने आत बसलो त्या पाखराला आता जमीन बी द्यायची का? आमच्या माळावर पाखरूच न्हाई असं लिवा, झगडा मिटला. कावून उगं लांबन लावता? तुमी तवा बी कायद्याच्या अंगाला व्हतात, आता बी हायेत. चतुराबाई म्हनती, दादांना जयभीम सांगा. सांगितला."

पहिला मुद्दा. जमीन पक्ष्याला द्यावयाची नाही. ती आपल्याकडे आहे हे सिद्ध करावयाचे आहे. या दोन गोष्टींतला फरक सातवी पास झालेल्या माणसाला कळावा.

दुसरा मुद्दा. तू ती वेगळी फाईल स्वतःच उघडली आहेस, तेव्हा ती पुरती वाचू. १९७५ च्या भाद्रपदात तुझे मेहुणे पाहुणे आले. त्यांच्या पाहुणचारासाठी तू हुलग्याच्या रानात फास लावलास आणि बोकडाएवढा माळढोक धरलास. वनरक्षकाला उकिरड्यावर पिसे सापडली. तू माझ्याकडे वकीलपत्र घेऊन आलास. पिसे मोराची आहेत असे मी कोर्टाला सांगावे, अशी तुझी सूचना होती. मोरालाही त्याच कायद्याचे त्याच दर्जाचे संरक्षण आहे, एवढे तरी पाहून यायचे होतेस. मी म्हणालो, केलेस ते कबूल कर, शिक्षा कमीत कमी होईल. कमीत कमी म्हणजेच सहा महिने होते. तू वकीलपत्र फाडलेस आणि दुसरा वकील केलास. त्याने पिसे मोराची आहेत असे सांगितले. पुढचे सर्वांना ठाऊक आहे. मी त्या वेळी जे केले ते आजही करीन. हे मी अभिमानाने म्हणत नाही, नोंद म्हणून म्हणतो.

तिसरा मुद्दा, आणि हाच खरा. पक्षी नाही असे लिहून दिले तर काय होईल? वनखात्याची माणसे दुर्बीण घेऊन गेला पावसाळाभर त्या माळावर होती. त्यांच्याकडे नोंदी आहेत. आपले पहिलेच वाक्य खोटे ठरेल. जो पक्ष्याविषयी खोटे बोलतो त्याच्या नांगराविषयी कोण विश्वास ठेवील? आणि त्याहून साधी गोष्ट अशी की तो पक्षी खरोखरच आहे. आपण बावीस वर्षे तेथे नांगर धरला आणि तरीही तो उरला. भोवतालच्या गावांनी विहिरी खोदून ऊस लावला, तेथून तो गेला. आपल्याकडे विहिरीला पैसा नव्हता म्हणून बाजरी, हुलगा आणि पडीक गवत राहिले, म्हणून तोही राहिला. आपल्या दारिद्र्यातून एवढी एक चांगली गोष्ट निघाली आहे आणि तीच तू खोडायला निघाला आहेस.

मसुदा जसाच्या तसा मंजूर करावा.

ता. क. गावात चारा नाही. सरकारी छावणीत शेळ्या घेत नाहीत, फक्त गुरे घेतात. तुझ्या दोन शेळ्या बायडाबाईंकडे आहेत. त्यांना मी सरकीची पेंड पाठविली, असे कोणी तुला कळविल्यास ते पोते मुळात माझ्या शेजाऱ्याने दिले होते हे लक्षात घे. तुझ्या दाराचे कुलूप गंजले होते ते बदलले आहे. वाटेवर घर होते म्हणून दिसले.

आश्रुबा


अंबाजोगाई,
२९ डिसेंबर १९८६

शहादेव,

तुझ्या सभेचे इतिवृत्त आले. मी चाळीस वर्षे कागद वाचतो आहे. पहिली काही वर्षे निजामाच्या अमलात उर्दूतले कागद वाचले, नंतर मराठीतले. असा कागद मी दोन्ही भाषांत पाहिला नव्हता.

प्रथम उपस्थिती. सभासदांच्या नावांत मला युसूफ वडगावच्या दोन जोड्या दिसतात. युसूफ वडगाव केज तालुक्यात आहे. ती माणसे आपल्या संस्थेची सभासद कशी झाली, याचा खुलासा तू शेवटी दिला आहेस: "त्ये टोळीत हायेत. टोळीची सभा म्हनल्यावर त्यांला उठ म्हनायचं का?" शहादेव, मी टोळीची सभा सांगितली नव्हती. मुकादमाला टोळी हेच जग असते हे मी समजू शकतो. परंतु जमीन टोळीची नाही.

आता मतदान. "कोयत्यामागं एक मत धरलं." म्हणजे नवरा-बायको मिळून एक. फडावर नवरा तोडतो, बायको मोळी बांधते, दोघांचा मिळून एक कोयता, हे मला ठाऊक आहे. परंतु सहकारात सभासद कोयता नसतो, माणूस असतो. चतुराबाई तुझी बायको असली तरी स्वतःच्या नावाने सभासद आहे. तू तुरुंगात असताना पट्टी तिने कसली आणि संस्थेने तिला सभासद करून घेतले. तिचे मत तू आपल्या मतात कालवलेस. तिने ते चालवून घेतले, याचेही मला आश्चर्य वाटते.

आणि मग ही ओळ. ती मी तीनदा वाचली आणि प्रत्येक वेळी चष्मा काढून पुन्हा लावला:

"ठरावाच्या बाजूनं साडेअकरा, इरोधात साडेपाच. भामाबाई एकली, अर्धा कोयता, म्हून तिचं अर्धं मत. बंकट आजारी, त्याची बायकू एकली तोडती, तिचं बी अर्धं."

अर्धे मत! एक सभासद, एक मत, या तत्त्वावर जगातला सारा सहकार उभा आहे. कोट्यवधींचे साखर कारखाने त्याच तत्त्वावर चालतात. निदान त्यांच्या कागदांत तरी तसे लिहिलेले असते. आणि बोरमाळच्या संस्थेत विधवेचे मत अर्धे! आपल्या लोकांना पूर्ण माणूस म्हणवून घेण्यासाठी किती पिढ्या खर्चाव्या लागल्या हे मी तुला सांगावे काय? दीक्षेला आपण दोघे एकाच ट्रकमधून नागपूरला गेलो होतो.

इतिवृत्त कोणी लिहिले ते ठाऊक नाही, परंतु त्याने भामाबाईंचे बोलणे जसेच्या तसे उतरविले आहे, त्याबद्दल त्याचे आभार मान. "भामाबाई म्हनल्या, म्या दिसभर ऊस तोडते ती अर्धाच तोडते का रं? मोळी बी मीच बांधते, डोक्यावर बी मीच नेते. तुमी दोघं करता ते म्या एकली करते, मंग माझी दोन मतं धरा. आन पाखरू हाय. म्या मागल्या पावसाळ्यात त्याला घुमताना आयकलंय. लबाडीवर अंगठा देनार न्हाई. मुकादम म्हनले, खाली बस, लई झालं. त्या बसल्या न्हाईत."

याचाच अर्थ, तू मसुदा बदललास. "सदर जमिनीत माळढोक नावाचे पाखरू नाही व कधी नव्हते." कधी नव्हते! मग तू सहा महिने कशासाठी बसला होतास, शहादेव? तुझ्याच शिक्षेविरुद्ध तू अकरा वर्षांनी हे अपील काढलेस काय?

हा ठराव मी दाखल करणार नाही. मुदत १३ जानेवारीला संपते. पुन्हा सभा घे. फक्त सभासद. प्रत्येकाचे एक मत. भामाबाईंची दोन मते धरता येणार नाहीत, हे त्यांना माझ्या वतीने खेदपूर्वक कळव.

आश्रुबा


अंबाजोगाई,
१५ जानेवारी १९८७

शहादेव,

तुझे उत्तर तेराव्या तारखेला, म्हणजे मुदतीच्या शेवटच्या दिवशी, दुपारच्या टपालाने आले. ते एका ओळीचे आहे. "आता तुमीच ठराव लिवा आन तुमीच अंगठं उठवा." एवढेच लिहावयाचे होते तर तारेने कळवायचे होते.

मुदत संपली. दावा दाखल झाला नाही.

हे मी रागाने लिहीत नाही. राग परवा संध्याकाळपर्यंत होता. काल दिवसभर मी पुन्हा कायदा वाचला, आणि ज्या कायद्याने तुला आत बसविले त्यातच एक दार सापडले. दावे मागविणाऱ्या कलमाच्या पुढचेच कलम असे सांगते की जे हक्क कोणी मागितले नाहीत त्यांचीही चौकशी अधिकाऱ्याने करावयाची आहे. शासनाच्या दप्तरातून ते दिसत असतील तर, आणि माहितगार माणसांच्या साक्षीतून कळत असतील तर. हे लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बोरमाळ नसणार. परंतु मुदतीच्या दिवसांत घरी नसलेला माणूस त्याच्या डोळ्यांसमोर होता. तुझ्या मनात कायद्याचे जे चित्र आहे त्यात ही एवढी भर घाल.

आता दप्तर. पीकपाहणीच्या उताऱ्यावर आपली जमीन बावीस वर्षे "गायरान, पडीक" अशीच लागलेली आहे. कोणाही तलाठ्याने माळावर चढून बाजरी पाहिली नाही. संस्थेला जमीन दिल्याचा १९६४ चा हुकूम आहे, परंतु ती प्रत्यक्ष कसली याचा सरकारी पुरावा नाही. अधिकारी म्हणतील, हुकूम झाला, जमीन कसलीच नाही, हक्क विरला. आणि बावीस पट्ट्या गवतात मोजल्या जातील.

शासनाच्या दप्तरात एकच कागद असा आहे ज्यात आपला नांगर दिसतो. तो म्हणजे तुझ्या खटल्याचा फैसला. त्यात न्यायाधीशांनी लिहिले आहे की आरोपीने "संस्थेच्या ताब्यातील व स्वतः कसत असलेल्या हुलग्याच्या उभ्या पिकात" फास लावला. पीक उभे होते. जमीन संस्थेच्या ताब्यात होती. पक्षीही होता. तिन्ही गोष्टी एका वाक्यात, आणि त्या सिद्ध करण्याचे कष्ट सरकारी वकिलाने घेतले आहेत.

तुझ्या लक्षात आले असेल. बावीस कुटुंबांचा हक्क तुझ्या गुन्ह्यावर उभा राहू शकतो.

फैसल्याची नक्कल मी काढून ठेवली आहे. ती हजर करावयास कायद्याला तुझी परवानगी लागत नाही. मला लागते. ती भर कचेरीत मोठ्याने वाचली जाईल, गावातली उरलेली माणसे ऐकतील, आणि तू ज्याचा उच्चार अकरा वर्षे होऊ दिला नाहीस ते पुन्हा सर्वांच्या तोंडी होईल. आणखी एक गोष्ट. नुसता कागद अपुरा पडेल. एका वर्षाचे पीक म्हणजे बावीस वर्षांचे नव्हे. कागदातला माणूस समोर उभा राहिला आणि आधी काय, नंतर काय, ते त्याने सांगितले तर साखळी पुरी होते. चौकशी २० फेब्रुवारीला पाटोद्याला आहे.

तू येणार नसशील तर नक्कल मी फाईलमध्येच ठेवीन आणि बायडाबाईंना साक्षीला उभे करीन. त्या काय बोलतील याची मला खात्री नाही. त्यांनाही नाही.

आश्रुबा


अंबाजोगाई,
११ मार्च १९८७

चि. शहादेव,

तू पाटोद्याला उसाच्या पाचटाने माखलेला सदरा घालून आलास, साक्ष दिलीस आणि मी कागद आवरेपर्यंत एस.टी.त बसून गेलास. चहाला थांबला नाहीस. मुकादम नसला की टोळी थांबते, हे कारण तू शिपायाजवळ सांगून गेलास. मी ते ग्राह्य धरतो.

तुझ्या साक्षीविषयी मला जे तेथे म्हणता आले नाही ते येथे लिहितो. ती चांगली होती. अधिकाऱ्यांनी विचारले, "ही शिक्षा तुम्हालाच झाली होती का?" तू म्हणालास, "व्हय, मलाच. पाखरू म्याच धरलं. पिसं मोराची न्हवती. वकिलानं सांगितलं ते लबाड व्हतं." मागे बसलेल्या बायडाबाई पुटपुटल्या, "आता म्हनतो व्हय!" अधिकाऱ्यांनीही ते ऐकले, परंतु नोंदविले नाही. नंतर तू चौसष्ट सालापासून कोणी कोणत्या पट्टीत काय पेरले ते सांगत गेलास, बहात्तरच्या दुष्काळात बियाणे कसे खाऊन टाकले तेही सांगितलेस, आणि लिहिणाऱ्या कारकुनाला हात झटकावा लागला. मी तुला मधे थांबविले नाही. साक्षीदार खरे बोलत असताना वकिलाने बसून राहावे, असे आमचे गुरुजी सांगत.

परंतु शेवटी तुला एकच प्रश्न विचारला गेला होता: "फास कोणत्या पट्टीत लावला?" याचे उत्तर होते, "माझ्या." एक शब्द. मी तुझ्याकडे पाहून हात खाली केला, तो तू पाहिलास हेही मी पाहिले. तरी तू म्हणालास:

"माझ्या. वरल्या अंगाला, मुरमाच्या टेकाडाजवळ. त्यो तितंच नाचतो, सायेब. दरसाल. गळ्याची पिशवी फुगवून. म्या सुटून आल्यापासून तितला तुकडा नांगरत न्हाई. मादी तितंच अंडं घालती. एकच घालती. औंदा बी व्हतं."

शहादेव, हे तुला कोणी विचारले होते? अकरा वर्षे तू तो तुकडा नांगरत नव्हतास, ही गोष्ट चतुराबाईलाही ठाऊक नव्हती. तिला वाटे, मुरूम आहे म्हणून सोडतोस. पक्षी कधी नव्हताच असा ठराव ज्या माणसाने डिसेंबरात पाठविला त्यालाच अंडे कोठे आहे ते ठाऊक होते! तुझ्याशी युक्तिवाद कसा करावा ते मला पन्नास वर्षांत उमगलेले नाही.

आदेश काल हाती आला. सोबत नक्कल आहे, परंतु सारांश सांगतो. संस्थेचा ताबा १९६४ पासून अखंड मान्य झाला. भामाबाई आणि बंकटची बायको यांसह सर्व सभासदांची नावे पूर्ण हक्काने लागली. एकवीस पट्ट्या अभयारण्याच्या हद्दीबाहेर ठेवल्या आहेत. माळावरची चराई पावसाळ्यात बंद राहील, दसऱ्यानंतर खुली.

बाविसावी पट्टी हद्दीच्या आत गेली आहे.

कारण आदेशातच दिले आहे. "साक्षीदाराच्या स्वतःच्या कथनानुसार सदर पट्टी हे पक्ष्याचे नृत्याचे व अंडी घालण्याचे प्रत्यक्ष ठिकाण असून कायद्याचा हेतू पाहता ते वगळता येत नाही." मी हा परिच्छेद दोष काढण्याच्या हेतूने वाचला. पुन्हा वाचला. सिद्धान्त बरोबर, पुरावा बरोबर, निष्कर्ष बरोबर. अभयारण्य ज्या एका जागेसाठी करावयाचे तीच जागा बाहेर कशी ठेवणार? मी त्या खुर्चीत असतो तर हेच लिहिले असते. जन्मभर मी तर्काची सेवा केली आणि त्याने माझ्या भावाची पट्टी नेली, आणि मला त्यात एक काना-मात्रासुद्धा चुकीची सापडत नाही. हे किती संतापजनक आहे ते तुला कळणार नाही.

अपील करता येईल. ते करावे असा सल्ला मी देऊ शकत नाही, कारण ते टिकणार नाही. तुझा निर्णय कळव.

आश्रुबा


अंबाजोगाई,
२५ मे १९८७

चि. शहादेव यास जयभीम.

तुझा निर्णय आला नाही. तूही आला नाहीस. कारखाना एप्रिलात बंद झाला, टोळी परतली, चतुराबाई शिधा आणि भांडी घेऊन एकटी उतरली. तिने सांगितले, "त्ये तितंच ऱ्हायलेत, इटभट्टीवर. म्हनले, गावात माझं काय हाय आता? नांगर कुटं धरू?" हे तुझे म्हणणे वस्तुस्थितीला धरून आहे. म्हणूनच ते मला अधिक खटकले.

परवा संस्थेची वार्षिक सभा झाली. चेअरमन गैरहजर, म्हणून हजर सभासदांनी अध्यक्ष निवडायचा होता. भामाबाईंना निवडले. मी कायदेविषयक सल्लागार म्हणून उपस्थित होतो. गणपूर्ती मी स्वतः मोजली. मते हात वर करून घेतली, आणि प्रत्येक हात एकच मोजला गेला, यावर माझे लक्ष होते.

विषय असा निघाला. भामाबाई म्हणाल्या, "शादेवची पट्टी आपल्यापायी गेली. त्यो बोलला म्हून आपल्या एकवीस ऱ्हायल्या. आता प्रत्येकानं आपला बांध दोन हात आत घ्यायचा. एकवीस बांध सरकले की खालच्या अंगाला एक पट्टी निगती. ती त्याची."

लगेच भांडण सुरू झाले. बंकटचे म्हणणे, त्याच्या बांधावर बोरीचे झाड आहे, ते कसे सरकवणार? भामाबाई म्हणाल्या, "झाड ऱ्हाऊ दे, तू सरक." कोणी म्हणाले, दोन हात कोणाचे धरायचे, म्हाळूचे की बंकटचे? म्हाळू उंचीने मोठा आहे. बायडाबाई म्हणाल्या, माझे धरा, मी सगळ्यांत बुटकी. यावर पुष्कळ हशा झाला. चतुराबाई हसली नाही. ती भिंतीला टेकून बसली होती आणि पदराने सारखी नाक पुसत होती. सभागृहात धूळ फार होती.

आता माझी स्थिती समजून घे. हा ठराव बेकायदा आहे. नेमून दिलेल्या पट्टीची हद्द निबंधकांच्या पूर्वपरवानगीवाचून बदलता येत नाही, हा पोटनियम मीच १९६४ साली लिहिला. त्या वेळी मला भीती होती की दांडगे सभासद दुबळ्यांचे बांध खातील. सगळे मिळून आपापले बांध आपण होऊन आत घेतील, ही शक्यता माझ्या डोक्यात आली नव्हती, म्हणून तिच्यासाठी पोटनियमात अपवाद नाही. परवानगी मागितली तर किमान तीन वर्षे जातील, आणि बहुधा नाकारली जाईल, कारण सरकारी मोजणी नुकतीच झाली आहे. मी ती नाकारली असती.

भामाबाईंनी माझ्याकडे वळून विचारले, "वकीलदादा, कायद्यात बसतं का?"

उत्तर मला ठाऊक होते. ते एका शब्दाचे होते. चाळीस वर्षांत असा शब्द उच्चारायला मला कधी वेळ लागला नाही. तुझ्यासमोरही लागला नव्हता.

मी म्हणालो, "बाई, मला या कानाने नीट ऐकू येत नाही."

बायडाबाई म्हणाल्या, "कवापासनं?"

ठराव एकमताने मंजूर झाला. इतिवृत्तात सल्लागाराच्या हरकतीची जागा असते, तेथे "नाही" असे मी माझ्या हाताने लिहिले आणि खाली सही केली. निबंधकांच्या तपासणीत हे निघाले तर उत्तर मलाच द्यावे लागेल. मी दोन दिवस ते तयार करीत आहे. एकही वाक्य टिकत नाही.

बांध सरकविण्याचे काम सोमवारपासून आहे. प्रत्येक जण दुसऱ्याचा बांध मोजायला उभा राहणार आणि आपला मोजताना आखडता हात धरणार, हे मला आताच दिसते आहे. मी तेथे जाऊन उभा राहू शकत नाही. माझे उभे राहणे म्हणजे त्या बेकायदा कृत्यातला प्रत्यक्ष सहभाग होईल. तू उभा राहू शकतोस. मुकादमाचा आवाज आहे तुला.

रविवारच्या एस.टी.ने निघ. पोचलास की आधी घरी जा. नव्या कुलपाची किल्ली चतुराबाईकडे आहे.

तुझा दादा
आश्रुबा